श्रोत्यांच्या आग्रहास्तव

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या जिल्ह्यात भरघोस पीक आलं ते फक्त बातमीदारांचं. छपरावर पांढरी थाळी लावलेल्या दिल्ली-मुंबईच्या गाड्या यवतमाळच्या चौकात रस्ता विचारत थांबायच्या. कोणत्या गावाला जायचं हे त्यांचं ठरलेलं नसायचं, काय दाखवायचं हे मात्र निघतानाच ठरलेलं असायचं. आमच्या शाळेतल्या शिपायाच्या बहिणीला त्यांनी दोनदा रडायला लावलं, कारण पहिल्यांदा उजेड बरोबर पडला नव्हता. हे कळलं त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये इतक्या मोठ्यानं बोलले की मुख्याध्यापिकाबाईंनी उठून दार लावून घेतलं.

माझा आवाज मुळातच मोठा. वडील कलेक्टर कचेरीत बाबू होते, त्यांचा हळू. अर्ज नीट लिहिला, योग्य त्या मार्गानं पाठवला, तर सरकारला ऐकावंच लागतं, अशी त्यांची आयुष्यभर श्रद्धा. त्यांच्याकडून मला अर्ज लिहिण्याची सवय आली, श्रद्धा काही आली नाही. तरीसुद्धा मी अर्ज लिहीत राहिले, हे माझं मलाच नवल वाटतं.

आमच्याविषयी रोज कुठे ना कुठे बातमी असायची. आमच्यासाठी म्हणून जे होतं ते संध्याकाळचं अर्ध्या तासाचं रेडिओचं बोलणं. रेडिओ केंद्र सरकारी, इमारत जुनी, खुर्च्या त्याहून जुन्या. मी शाळा सुटल्यावर तिथे नैमित्तिक निवेदिका म्हणून जायची. नैमित्तिक म्हणजे गरज पडली की बोलावणार, नाही पडली की विसरणार. त्या अर्ध्या तासात बाजार समितीतले कापसाचे भाव असत, पाऊसपाण्याचा अंदाज असे, पानं लाल करणारा लाल्या रोग पडला तर काय करायचं, फवारताना तोंडाला काय बांधायचं, हे सगळं वऱ्हाडीत सांगितलेलं असे. शेवटची दहा मिनिटं गोरबोलीत, म्हणजे बंजारा समाजाच्या बोलीत. जिल्ह्यात त्यांचे तांडे, म्हणजे वस्त्या, गावागणिक, आणि तांड्यावरच्या बायांना बाजारापुरती मराठी येई, पण रेडिओवरचं रोग-फवारणीचं बोलणं वऱ्हाडीतूनही त्यांच्या डोक्यावरून जाई. ती दहा मिनिटं त्यांची होती.

ती दहा मिनिटं जी बोलायची तिला तिच्या तांड्यावर रेडिओवालीच म्हणत, मीही तेच म्हणेन. फुलसावंगीच्या पुढचा तांडा. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, तिशीच्या आतबाहेरची, दोन लेकरांची आई. पहिल्या दिवशी माइकसमोर तिच्या बांगड्या इतक्या वाजल्या की काचेपलीकडून ड्युटी ऑफिसरनं हात जोडले. तिनं बांगड्या उतरवायला साफ नकार दिला. मग माझा रुमाल एका हाताला, तिचा दुसऱ्या हाताला गुंडाळला आणि पट्टी बांधलेल्या पेशंटसारखी ती बोलायला बसली. पुढे ती घरूनच कापडाच्या दोन पट्ट्या शिवून आणू लागली. आधी मला मॅडम म्हणायची, मग ताई म्हणायला लागली.

तिच्यासाठी या दहा मिनिटांचा अर्थ काय होता, ते तिनं मला एकदा कॅन्टीनच्या बाकावर सांगितलं होतं. दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक लागायचे आणि जोडपी ऊसतोडीला पश्चिमेकडे जायची. लेकरं म्हाताऱ्यांजवळ. तिचा नवरा जायचा, ती जात नव्हती.

"सासू म्हणते, तुले रेडिओचं काम हाय, तू ऱ्हाय," ती म्हणाली. "हे दहा मिनिट हायेत म्हणून मी माह्या लेकरायजवळ हाव ताई. हे गेले का मलेही कोयता घ्या लागते."

एवढी सरळ गोष्ट होती. तांड्यावर काटा घेऊन कापूस मागायला येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला बाया आता "रेडिओत तं जास्त सांगतलं" म्हणून सुनवायच्या, त्याचाही तिला अभिमान होता. पण मुळात तिला आपल्या पोरांना रोज संध्याकाळी जेवू घालायचं होतं.

आणि मग कुजबुज सुरू झाली की आमचा अर्धा तास जाणार. त्या वेळेत दुसरीकडून येणारा कार्यक्रम जोडून द्यायचा, ज्याला तिथल्या भाषेत सहक्षेपण म्हणतात. तिकडचे लोक तयार कार्यक्रम पाठवणार, इकडच्यांनी फक्त बटण दाबायचं. त्यात आमचे भाव नसणार, आमची बोली नसणार, गोरबोलीचं तर नावच नको. कारण विचारलं तर उत्तर एकच: वरून आलंय.

आम्ही समिती काढली. आमच्या भागात पान खायला चार माणसं जमली तरी समिती निघते, त्यामुळे त्यात काही विशेष नाही. बैठका लोहाऱ्याला, एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात. जिनिंगच्या मालकाला रेडिओशी काही घेणंदेणं नव्हतं, पण जागा रिकामी पडली होती आणि तो भला माणूस होता. टेबलावर सरकीची धूळ, भिंतीवर जुन्या वर्षाचं कॅलेंडर. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. सर अत्यंत सज्जन, अत्यंत लांब बोलणारे. त्यांच्या प्रास्ताविकातच निम्मी बैठक संपायची आणि उरलेली आभारात.

काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. उमरखेडच्या आठवडी बाजारात आम्ही चटई टाकून बसलो, सह्या घेतल्या, अंगठे घेतले. रेडिओवाली तांड्यातांड्यावर फिरली. पण शहरात कुणाला सांगावं तर लोक माझ्याकडे दयेनं पाहत. आमच्याच नात्यातल्या एका वकिलांनी विचारलं, "अगं, रेडिओ अजून ऐकतं का कुणी?" त्यांच्या घरी नवा रंगीत टीव्ही आला होता आणि त्यावर आमच्याच जिल्ह्यातली एक बाई रडत होती. मी चहा अर्धा टाकून उठले. आमची ऑफिसात नोकऱ्या करून चार भिंती बांधलेली माणसं, कापूस म्हणजे त्यांना फक्त गादी माहीत. हे आजही आठवलं की माझा जीव जळतो.

मग बातमी आली की वरचे एक साहेब पाहणीसाठी येणार, विश्रामगृहावर उतरणार, आणि शिष्टमंडळाला भेटणार. पहिल्यांदाच कुणीतरी ऐकून घेणार होतं. निवेदन मी लिहिलं. वडिलांच्या पद्धतीनं, मुद्देसूद, एकही जास्तीचं विशेषण नाही. आमची मागणी पहिल्या ओळीत होती: संध्याकाळचा कार्यक्रम आणि त्यातली गोरबोली बंद करू नका.

बैठकीत सर म्हणाले, "मोकळ्या हातानं कसं जायचं? पाहुणे आहेत."

इथे आमच्या मुलखाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे कुणाचाही, कशासाठीही, आधी सत्कार होतो. ज्याला घेराव घालायचा त्यालाही आधी चहा विचारतात. निषेधाच्या सभेतसुद्धा प्रमुख पाहुण्यांचं स्वागत होतं आणि स्वागताध्यक्ष वेगळा असतो. त्यामुळे शाल, नारळ आणि पुष्पगुच्छ आणायचं ठरलं तेव्हा कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसेल कसं? कोणी उठून म्हणालं असतं की सत्कार नको, तर त्यालाच सगळ्यांनी असंस्कृत ठरवलं असतं. सत्कार महिलेच्या हस्ते व्हावा, त्यातही तांड्यावरच्या, म्हणजे साहेबांना विषय आपोआप कळेल, अशी सूचनाही आली. टाळ्या वाजल्या.

विश्रामगृहाच्या हॉलमध्ये साहेब सोफ्यावर, आम्ही उभे. उमदे गृहस्थ होते, तिरस्कार करावा असं काहीही त्यांच्यात नव्हतं. रेडिओवालीनं त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि नारळ हाती दिला. स्थानिक पेपरचा वार्ताहर कॅमेरा घेऊन आला होता. तो म्हणाला, "बाई, जरासं हासा." ती हसली. मग सर बोलायला उभे राहिले. साहेबांच्या कुशल मार्गदर्शनाखाली प्रसारणाची गंगा खेड्यापाड्यात कशी पोहोचली, इथपासून त्यांनी सुरुवात केली. गंगा वाहत राहिली. मी त्यांच्या कोटाची बाही दोनदा ओढली. शेवटी "एक छोटीशी विनंती" इथवर ते आले तेव्हा साहेबांच्या माणसानं घड्याळ दाखवलं.

"लेखी दिलंय ना? मग बघतो मी," साहेब म्हणाले आणि उठले. निवेदन मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मदतनिसाकडे दिलं, मदतनिसानं ते घडी केलेल्या शालीखाली ठेवलं, वर नारळ ठेवला, आणि गाडी गेली.

बाहेर फाटकाशी सगळे खूश. सर म्हणाले, "माणूस सकारात्मक वाटला." रेडिओवालीनं मला विचारलं, "ताई, वाचतीन ना ते?" मी हो म्हटलं. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा: नव्या प्रसारण सेवेचे श्रोत्यांकडून स्वागत, अधिकाऱ्यांचा हृद्य सत्कार. खाली फोटो. साहेब शालीत, रेडिओवाली हसून नारळ देते आहे, मागे सर, आणि कडेला माझा अर्धा चेहरा. निवेदनाचा एक शब्द नाही. कार्यक्रम बंद होणार, हेही नाही. उलट नव्या सेवेमुळे ग्रामीण श्रोत्यांत आनंदाचं वातावरण पसरलं होतं.

मी पेपर घेऊन त्या वार्ताहराकडे गेले. बसस्थानकासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. पेपर त्याला पगार देत नव्हता, ओळखपत्र देत होता. त्या ओळखपत्राच्या बदल्यात त्यानं दिवाळी अंकाला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला जाहिराती गोळा करून द्यायच्या.

"हे काय छापलंस?" मी विचारलं.

"मॅडम, फोटोत जे दिसून राह्यलं तेच लिवलं ना. साहेबाच्या माणसानं टाइप केलेलं देल्लं, ते लावलं."

"आम्ही निवेदन द्यायला गेलो होतो."

"हाव, पण फोटोत निवेदन कुठं दिसते? सत्कारच दिसते."

"मग आता खुलासा छाप."

त्यानं मान खाजवली. "बातमी म्हणून नाई जमत मॅडम. साहेबाची बातमी हाय, उलटी कशी फिरवाची? जाहिरातीत द्या, मंग पायजे ते लिवा." मी त्याच्या अंगावर ओरडले. गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. तो शांतच होता, आणि बरोबरही होता, म्हणून मला जास्त राग आला. आमच्या जिल्ह्यात खरं छापून आणायचं असेल तर ते जाहिरात म्हणून विकत घ्यावं लागतं, हे मी त्या झेरॉक्सच्या दुकानात शिकले.

सर मागून आले होते. मला वाटलं, दोन शब्द सुनावतील. त्यांनी त्या वार्ताहराला हळूच विचारलं, "फोटोची एक प्रत मिळेल का?" आता हसू येतं म्हणावं तर तेही येत नाही. सर वाईट नव्हते. पेपरात त्यांचा फोटो पहिल्यांदाच आला होता.

तांड्यावर तो पेपर पोहोचायला संध्याकाळ लागली. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या ओट्यावर माणसं जमली आणि ज्याला वाचता येत होतं त्यानं मोठ्यानं वाचलं. रेडिओवालीनं पुढे मला सांगितलं ते असं. नायकानं विचारलं, "तुले त्यायनं काय देल्लं?" ती म्हणाली, काही नाही, आम्ही अर्ज दिला, बंद करू नका म्हणून. "मंग नारळ कायले देल्ला? हासून कायले राह्यली तू?" ज्या बायांचे तिनं अंगठे घेतले होते त्या तिच्याशी विहिरीवर बोलेनाशा झाल्या. फक्त सासू तिच्या बाजूनं उभी राहिली. माझी सून रेडिओत बोलते, ती असं करणार नाही, एवढंच म्हातारी सगळ्यांना सांगत फिरली.

मी नवा अर्ज केला. त्यावर स्मरणपत्र पाठवलं, स्मरणपत्रावर स्मरणपत्र. वडील असते तर खूश झाले असते. उत्तर आलंच नाही, आदेश आला. अमुक तारखेपासून सहक्षेपण. बैठकीला जिनिंगच्या ऑफिसात मी, रेडिओवाली आणि सर. सरांनी आम्हा दोघींसमोरही प्रास्ताविक केलं.

शेवटच्या दिवशी माझी ड्युटी नव्हती, तरी मी केंद्रावर गेले. ड्युटी ऑफिसरनं रेडिओवर वाचायच्या निवेदनाचा कागद ठेवला होता आणि तो आमच्याकडे न पाहता टेबलाचा खण उघड-बंद करत होता. कागदावर लिहिलं होतं: श्रोत्यांच्या आग्रहास्तव सध्याचा कार्यक्रम बंद करून उद्यापासून या वेळेत नवा कार्यक्रम सहक्षेपित करण्यात येत आहे. श्रोत्यांच्या आग्रहास्तव! मी तो कागद दोनदा वाचला. मराठीतून तो दुसऱ्या निवेदकानं वाचायचा होता, गोरबोलीत रेडिओवालीनं.

मी तिला व्हरांड्यात ओढत नेलं. "हे बघ, इथं तुझी बोली कोणाला कळते? ऑफिसरला नाही, इंजिनिअरला नाही. तू आत जा आणि खरं सांग. लोकांनी नको म्हटलं तरी बंद करताहेत, असं सांग. आपला पेपर नाही, पण आजची दहा मिनिटं तर आपली आहेत."

ती हाताला पट्ट्या बांधत होती. बांधून झाल्या तशी कागद घेऊन आत गेली. स्टुडिओच्या दाराला जाड कापडाचा थर होता, त्यामुळे ते बंद झालं की आवाजच येत नसे. मी काचेपलीकडे उभी राहिले आणि स्पीकरवर ऐकू लागले. तिनं भाव सांगितले. फवारणीचं सांगितलं. मग कागद समोर धरला. इतक्या वर्षांत मला गोरबोली तेवढी कळायला लागली होती. तिनं जसं होतं तसं सांगितलं. लोकांनीच मागितलं म्हणून उद्यापासून हे बंद. एक शब्द इकडचा तिकडे नाही, आवाज नेहमीसारखा गोड. लाल दिवा विझला.

"काहून वं?" मी विचारलं. रागात माझ्या तोंडून नेहमीच वऱ्हाडी निघते.

"ताई, ते गेलं तं गेलं," ती पट्ट्या सोडत म्हणाली. "पण मी कागद सोडून बोलली असती तं माहं नाव कटलं असतं. कधी ना कधी पुन्हा सुरू करतीन. तवा मले बोलावतीन ना? त्यायच्या कागदात मी चांगली राहाले पायजे."

मी तिला काय म्हणणार? माझी शाळा होती, पगार होता. मला खरं बोलणं परवडत होतं. तिला स्टँडवर सोडलं.

तिला कधीच बोलावलं नाही. दिवाळीनंतर तांड्यावर ट्रक लागला आणि त्यात ती गेली.

संक्रांतीच्या सुमारास मी पुन्हा एक अर्ज लिहिला. कशाला, ते विचारू नये. सरांची तब्येत बरी नव्हती, एकटीच निघाले. उमरखेडच्या बसनं गेले, पुढे मिळेल त्या गाडीनं फुलसावंगी, तिथून तांड्यावर पायी. वाटेतल्या शेतांत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते. रेडिओवालीची दोन्ही पोरं अंगणात होती, धाकट्याच्या नाकाला शेंबूड, अंगात आईचा जुना ब्लाउज. सासूनं मला ओळखलं. बाज टाकली, काळा चहा केला. बाहेर माणसांची चाहूल फार नव्हती, निम्मा तांडा उसात होता.

मी अर्ज वाचून दाखवला. तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं की कार्यक्रम पुन्हा सुरू करा असं लिहिलंय, सून परत येईल, अंगठा दे. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"पर लोकायनंच बंद कराले सांगतलं ना?" ती म्हणाली. "रेडिओत आलतं."

"ते खोटं होतं याडी. कुणीच सांगितलं नव्हतं." याडी म्हणजे आई, एवढी गोरबोली मलाही येत होती.

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तो माझ्यासाठी होता. "खोटं कसं? माह्या सुनेनं सोता सांगतलं. माह्या कानानं आयकलं मी. माही सून रेडिओत खोटं नाई बोलत."

आता काय सांगणार होते? सून खोटं बोलली, असं या बाईला तिच्या अंगणात बसून, तिच्या नातवांसमोर सांगायचं होतं का? मी अर्जाची घडी घातली. धाकटा पोरगा येऊन आजीला टेकला.

तिनं त्याचं नाक पदरानं पुसलं आणि हात लांब करून ओढ्यापलीकडे दाखवलं. तिथे दुसरा तांडा होता, तिच्या माहेरचा.

"त्यायनंच सांगतलं असन बंद कराले," ती म्हणाली. "आमी येणं-जाणं सोडलं त्यायच्याशी. माह्या भावाच्या पोरीचं लगन होतं मांगच्या महिन्यात, मी नाई गेली."